पाणी एक, आतडी अनेक

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या परिसरातून एकामागून एक रुग्ण रुग्णालयांत दाखल होऊ लागले. हातापायांतील बळ पाहता पाहता ओसरले. काहींना श्वासासाठी कृत्रिम श्वसनयंत्राचा आधार द्यावा लागला. गुइलेन बॅरे सिंड्रोम, अर्थात ‘जीबीएस’, हे एरवी वैद्यकाच्या पुस्तकांपुरते मर्यादित असलेले नाव काही दिवसांत घरोघरी पोहोचले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींना प्राणही गमवावे लागले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींमध्ये ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हा आतड्याला संसर्ग करणारा जिवाणू आढळला, तर काहींमध्ये नोरोव्हायरस. संशयाची सुई साहजिकच पिण्याच्या पाण्याकडे वळली.

त्या परिसरात हजारो लोक राहतात आणि पाण्याचे स्रोत मोजकेच आहेत. तरीही बहुतेकांना काहीच झाले नाही, काहींचे पोट बिघडून दोन-चार दिवसांत पूर्ववत झाले आणि मोजक्या लोकांवर अर्धांगासारखे संकट कोसळले. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकाला जीबीएस होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे या साम्यामुळे फसतात आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर चाल करून जातात.

एकाच नळाचे पाणी पिणाऱ्यांच्या वाट्याला इतके भिन्न भोग का यावेत, हा प्रश्न जुनाच आहे. ‘ज्याची त्याची प्रकृती’ एवढ्या उत्तरावर समाज आजवर समाधान मानत आला. गेल्या पाव शतकातील संशोधनाने मात्र या ‘प्रकृती’चे दोन घटक बऱ्याच स्पष्टपणे दाखवून दिले आहेत. एक म्हणजे माणसाला आईवडिलांकडून मिळालेली जनुके आणि दुसरा म्हणजे त्याच्या आतड्यात वस्तीला असलेले अब्जावधी जिवाणू. या ज्ञानाचे महत्त्व मोठे आहे आणि म्हणूनच त्यातून चुकीचे निष्कर्ष काढले जाण्याचा धोकाही मोठा आहे.

पेटेनकोफरचा पेला

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याच्या रुग्णांची आणि तेथील तळ्यांची तपासणी करून स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू हाच या रोगाचे कारण आहे, असे जाहीर केले. म्युनिकचे नामवंत आरोग्यतज्ज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांना ते मान्य नव्हते. केवळ जंतू पोटात गेल्याने साथ येत नाही. जमीन, हवामान आणि माणसाची प्रकृती यांचा मेळ जमावा लागतो, असे त्यांचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंनी भरलेला पेला सर्वांदेखत रिचवला. जठरातील आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून त्यांनी आधी सोडाही घेतला होता. त्यांना किरकोळ जुलाब झाले, एवढेच. त्यांच्या एका शिष्यानेही हाच प्रयोग केला. तो अधिक आजारी पडला, पण वाचला.

पेटेनकोफर चुकले होते. कॉलऱ्याचे कारण जिवाणूच आहे. त्यांना मिळालेले जंतू दुर्बळ असावेत, असाही तर्क पुढे मांडला गेला. परंतु त्यांच्या शंकेतील एक धागा खरा होता. जंतू पोटात जाणे आणि माणूस आजारी पडणे या दोन घटनांच्या मध्ये बरेच काही घडते. कॉख यांचे शास्त्र जंतूपाशी थांबले होते. यजमानाच्या शरीराकडे वळायला शास्त्राला पुढे अनेक दशके लागली.

जनुकांचे कुलूप

विषाणूला पेशीत शिरायचे असेल, तर पेशीच्या पृष्ठभागावर त्याला पकडता येईल अशी एखादी खुंटी लागते. नोरोव्हायरसच्या बाबतीत ही खुंटी म्हणजे रक्तगटाशी संबंधित विशिष्ट शर्करा. रक्तगटाचे हे रेणू फक्त रक्तात नसतात. बहुतेक माणसांच्या लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावरही ते असतात. ते तेथे असावेत की नसावेत, हे ‘एफयूटी-२’ नावाचे जनुक ठरवते. सुमारे पाचातील एका माणसात हे जनुक निकामी असते. अशा माणसांना शास्त्रज्ञ ‘अस्रावक’ म्हणतात. अमेरिकेत स्वयंसेवकांना मूळ नॉरवॉक विषाणू मुद्दाम पाजून केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अस्रावकांपैकी एकालाही संसर्ग झाला नाही. एका जनुकातील बिघाडाने दार जणू कुलूपबंद केले होते. अर्थात हे कुलूप प्रत्येक चोरासाठी नाही. नोरोव्हायरसचे काही अन्य प्रकार अस्रावकांनाही गाठतात.

कॉलऱ्याचे उदाहरण आपल्या उपखंडाच्या अधिक जवळचे आहे. ‘ओ’ रक्तगटाच्या लोकांना कॉलऱ्याचा संसर्ग इतरांपेक्षा जास्त होतो असे नाही; परंतु झाल्यास तो अधिक तीव्र स्वरूप धारण करतो, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून वारंवार दिसून आले आहे. गंगेच्या मुखाजवळचा बंगाल हे कॉलऱ्याचे माहेरघर मानले जाते आणि नेमक्या त्याच प्रदेशात ‘ओ’ रक्तगटाचे प्रमाण जगाच्या तुलनेत कमी आहे. शतकानुशतकांच्या साथींनी त्या रक्तगटाच्या माणसांची अधिक हानी केली असावी, असे अनुमान यावरून काढले जाते. २०१३ मध्ये अमेरिकी व बांगलादेशी संशोधकांनी बंगाली कुटुंबांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर टाकण्याशी, तसेच प्रतिकारशक्तीच्या पहिल्या फळीशी संबंधित जनुकांवर नैसर्गिक निवडीच्या खुणा त्यांना आढळल्या. इतिहासाने नोंद न ठेवलेल्या साथी माणसाच्या पेशींत अशा नोंदवल्या गेल्या आहेत.

आधीपासूनचे रहिवासी

दुसरा घटक जिवाणूंचा. माणसाच्या मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू गुण्यागोविंदाने नांदतात. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूला पहिला सामना करावा लागतो तो या रहिवाशांशी. जागा अडवलेली असते, अन्न वाटून घेतलेले असते. काही जिवाणू तंतुमय अन्नापासून आम्ले तयार करतात, तर काही पित्तरसाचे रूपांतर करून रोगजंतूची वाढ रोखणारी द्रव्ये निर्माण करतात. आतड्याच्या अस्तराला आणि प्रतिकारशक्तीला सतत जागे ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच असते.

या संरक्षणाचा पुरावा प्रथम मिळाला तो ते नष्ट केल्यावर. १९५० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी उंदरांना तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसिन दिले. एरवी साल्मोनेलाचा संसर्ग होण्यासाठी सुमारे लाखभर जंतू लागत. औषध दिलेल्या उंदरांत दहापेक्षाही कमी जंतू पुरेसे ठरले. उंदीर तेच, जनुके तीच. पहारेकरी तेवढे हटवले गेले होते.

माणसातील सर्वात ठळक उदाहरण ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ या जिवाणूच्या अतिसाराचे. प्रतिजैविकांच्या माऱ्याने आतड्यातील वस्ती उजाड झाली की हा जिवाणू मोकळ्या रानात फोफावतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. २०१३ मध्ये डच डॉक्टरांनी अशा रुग्णांना निरोगी दात्याच्या शौचातील जिवाणू नळीवाटे आतड्यात सोडण्याचा उपाय करून पाहिला. १६ पैकी १३ रुग्ण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. व्हॅन्कोमायसिन हे प्रचलित औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १३ पैकी ४ होते. ऐकायला किळसवाणा वाटणारा हा उपाय आज वैद्यकात मान्यता पावला आहे.

जनुके आणि जिवाणू यांपैकी पारडे कोणाचे जड, हे पाहण्यासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक नेटका प्रयोग केला. उंदरांच्या काही जाती ‘सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम’ या आतड्याच्या जंतूने मरतात, तर काही जाती सहज तरतात. हा फरक जनुकीय मानला जात होता. संशोधकांनी तगणाऱ्या जातीचे आतड्यातील जिवाणू मरणाऱ्या जातीत रुजवले. उंदरांची जनुके बदलली नाहीत. तरीही संसर्ग उशिरा पसरला आणि उंदीर अधिक काळ तगले. जनुकांच्या खात्यावर मांडलेला रोगप्रतिकार काही अंशी तरी जिवाणूंच्या खात्यातला निघाला.

ढाक्यातील अभ्यासांनी हे सूत्र माणसापर्यंत आणले. कॉलऱ्यातून बऱ्या होणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात जिवाणू कोणत्या क्रमाने परततात याचा मागोवा घेताना ‘ब्लॉशिया ओबियम’ नावाची एक जात संशोधकांना सापडली. ही जात रासायनिक संकेत सोडून कॉलऱ्याच्या जंतूला आतड्यात ठाण मांडू देत नाही, असे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉलऱ्याच्या रुग्णांसोबत राहणाऱ्या निरोगी कुटुंबीयांच्या आतड्यातील जिवाणू तपासण्यात आले. त्यांच्यापैकी पुढे कोणाला संसर्ग होईल याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी बांधता आला. एकाच घरात, एकाच माठातले पाणी पिणाऱ्यांत हा फरक होता.

आईच्या दुधातील दुवा

जनुके आणि जिवाणू हे दोन स्वतंत्र पहारेकरी नाहीत. त्यांचे आतून संधान असते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला पचत नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियासारख्या उपकारक जिवाणूंसाठी. दुधात कोणत्या शर्करा उतरतील, हे पुन्हा आईच्या एफयूटी-२ जनुकावर अवलंबून असते. मेक्सिकोतील तान्ह्या बाळांच्या अभ्यासात, दुधात यांपैकी एक विशिष्ट शर्करा मुबलक असलेल्या मातांच्या बाळांना कॅम्पायलोबॅक्टरचे जुलाब कमी झाल्याचे आढळले. ही शर्करा त्या जिवाणूला आतड्याच्या अस्तराला चिकटूच देत नाही. आईचे जनुक, आईचे दूध आणि बाळाचे आतडे अशी ही साखळी आहे.

म्हणून माणूस जनुकांचा गुलाम ठरतो काय? तसे नाही. इस्रायलमध्ये हजाराहून अधिक लोकांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये असे दिसले, की आतड्यातील जिवाणूंच्या वैविध्यात वंशपरंपरेचा वाटा दहा टक्क्यांच्याही आतला आहे. आहार, औषधे, घर आणि परिसर यांचा प्रभाव त्याहून कितीतरी मोठा आहे. जनुके बदलता येत नाहीत. आतड्यातील वस्ती मात्र रोज घडते आणि रोज बिघडतेही.

भारतासाठी या गुंत्याला व्यावहारिक बाजू आहे. रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसाराविरुद्धच्या लसी श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरतात. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर परिसरांतील सुमारे ६,८०० बालकांवर भारतीय बनावटीच्या ‘रोटाव्हॅक’ची चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुष्याच्या पहिल्या वर्षात तिची परिणामकारकता सुमारे ५६ टक्के होती. परदेशी लसींचीही गरीब देशांत साधारण हीच कथा आहे. बालकाची जनुके, त्याच्या आतड्यातील जिवाणू, कुपोषण आणि अस्वच्छतेमुळे आतड्याला सतत येणारी सूज या सर्वांचा त्यात हात असल्याचे मानले जाते. लस कुचकामी आहे, असा याचा अर्थ नव्हे. रोगाचा भार प्रचंड असलेल्या देशात निम्म्या तीव्र आजारांना आळा घालणारी लसही हजारो जीव वाचवते. परंतु ज्या बालकाला लसीची गरज सर्वाधिक, त्याच्याच आतड्यात ती कमी रुजते, हा विरोधाभास केवळ लसीच्या कुपीने सुटणारा नाही.

बाजाराची घाई

विज्ञान सावधपणे पावले टाकत असताना बाजार मात्र पुढे निघून गेला आहे. ‘चांगल्या जिवाणूं’च्या कुप्या, पावडरी आणि दह्याचे महागडे डबे शहरी घरांच्या फ्रिजमध्ये पोहोचले आहेत. त्यामागचा पुरावा सरसकट नाही. ओडिशात नवजात अर्भकांना लॅक्टोबॅसिलसची एक निवडक जात आणि तिला पोषक शर्करा दिल्याने जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, असे साडेचार हजार अर्भकांच्या चाचणीतून २०१७ मध्ये दिसले. उलट २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या चाचण्यांत, जुलाब होणाऱ्या मुलांना दुकानात मिळणाऱ्या लोकप्रिय जिवाणूजन्य औषधांचा काहीही लाभ झाला नाही. जिवाणूची जात कोणती, वय काय, परिस्थिती कोणती, यावर सारे अवलंबून आहे. कुपीवरील आकर्षक शब्द याचे उत्तर देत नाहीत.

याच्या नेमके उलट वर्तन त्याच घरांत घडते. पोट बिघडले की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या आणण्याची सवय शहरांत मुरलेली आहे. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा आपोआप बऱ्या होणाऱ्या संसर्गांमुळे होतात. त्यांत या गोळ्या रोगजंतूला फारसे काही करीत नाहीत, पहारेकऱ्यांना मात्र मारतात. काही महत्त्वाची प्रतिजैविके चिठ्ठीविना विकता येऊ नयेत म्हणून ‘एच-१’ अनुसूची २०१४ पासून लागू आहे. तिची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही गल्लीतील ग्राहक जाणतो. दुसरीकडे, जुलाबावरचा खरा उपाय असलेली जलसंजीवनी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या सुमारे ६१ टक्केच बालकांना मिळाली आणि झिंक तर जेमतेम ३० टक्क्यांना. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवून दाखवले. त्याला अर्धशतक उलटल्यानंतरची ही स्थिती आहे.

जबाबदारी कोणाची?

दुसरा चुकीचा निष्कर्ष अधिक धोकादायक आहे. आजार हा माणसाच्या जनुकांचा आणि आतड्याचा प्रश्न असेल, तर दूषित पाण्याचा दोष आपोआप सौम्य होतो, असा सोयीस्कर युक्तिवाद यातून निघू शकतो. ‘तेच पाणी इतरांनीही प्यायले, त्यांना कुठे काय झाले?’ हा प्रश्न साथीच्या काळात अनेकदा ऐकू येतो.

त्याचे उत्तर पेटेनकोफरनी पेला रिचवला त्याच वर्षाने दिले आहे. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने सुमारे ८,६०० बळी घेतले. त्याला अगदी लागून असलेले आल्टोना हे गाव मात्र बहुतांशी बचावले. दोन्हीकडची माणसे एकाच वंशाची, एकाच हवेत राहणारी आणि एल्बे नदीचेच पाणी पिणारी. फरक इतकाच, की आल्टोना ते पाणी वाळूतून गाळून घेत होते आणि हॅम्बुर्ग घेत नव्हते. साथीची रेषा जलवाहिन्यांच्या सीमेवरून गेली, जनुकांच्या नव्हे.

कॅनडातील वॉकरटन या पाच हजार वस्तीच्या गावाने मे २००० मध्ये हाच धडा पुन्हा दिला. मुसळधार पावसाने गुरांचे शेण विहिरीच्या पाण्यात उतरले. क्लोरिनचे प्रमाण पुरेसे नव्हते आणि त्याच्या नोंदीही खोट्या होत्या. ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर घराघरांत पोहोचले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. नंतरची काही वर्षे संशोधकांनी गावकऱ्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा केला. अनेकांना आतड्याचा दीर्घकाळचा विकार जडल्याचे आढळले. तो कोणाला जडला, यात काही जनुकांचाही संबंध असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञानाने आपले काम केले. परंतु न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशी आयोगाने गावकऱ्यांच्या जनुकांची झडती घेतली नाही. क्लोरिन का टाकले गेले नाही आणि देखरेख का ढासळली, हे त्याने विचारले. त्याच्या शिफारशींतून ऑन्टारिओ प्रांताचे पाणीविषयक कायदे नव्याने लिहिले गेले.

महाराष्ट्रातील महानगरांच्या कडेने दर काही वर्षांनी नवी गावे पालिकेत सामावून घेतली जातात. कर लागू होतो, इमारती उठतात. जलशुद्धीकरण मात्र मागून येते, तोवर विहिरी, कूपनलिका आणि टँकर यांवर भिस्त राहते. पुण्यातील साथीचा फटका बसलेला परिसर याच संक्रमणात होता. अशा वस्तीत कोणाच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत आणि कोणाचे एफयूटी-२ जनुक शाबूत आहे, हे कोणतीही महापालिका तपासू शकत नाही, आणि तिने तपासण्याचे कारणही नाही. हजारांतील तो एक कोण, हे आधी कळत नाही. म्हणूनच पाण्याचा दर्जा सरासरी माणसाच्या सहनशक्तीवर बेतून चालत नाही. तो सर्वांत हळव्या आतड्यासाठी राखावा लागतो.

नव्या विज्ञानाने माणसामाणसांतील फरक दाखवला, तो दोष वाटून देण्यासाठी नव्हे. प्रतिजैविकांचा संयम, स्तनपान, लसीकरण आणि जलसंजीवनी यांनी आतड्याचा पहारा घराघरात मजबूत करता येईल. पण जंतू त्या पहाऱ्यापर्यंत पोहोचूच नये, ही जबाबदारी वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांची आहे. नागरिकांच्या प्रकृतीकडे बोट दाखवून ती टाळता येणार नाही.